टँकरपारखी कुंतला

पुण्याच्या ज्या भागात इमारती आधी पोचल्या आणि धरणाचं पाणी मागाहून पोचणार होतं, त्या भागातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी कुंतला राहते. वाघोलीत राहते, उंड्रीत राहते, पिसोळीतही राहते. इमारतीला नाव इटलीतल्या एखाद्या गावाचं असतं, गेटवर कारंजं असतं, ते बंद असतं, आणि घरात येणारं पाणी निम्मं बोअरचं, निम्मं टँकरचं असतं. कुंतलेचं पाळण्यातलं नाव काहीही असो, तिची ओळख म्हणजे तिचे केस. ते कुरळे आहेत, किंवा होते, किंवा पाणी बदललं तर पुन्हा होतील. यांपैकी सध्या कोणता काळ चालू आहे, हे लिफ्टमध्ये ती ‘गुड मॉर्निंग’ कोणत्या सुरात म्हणते त्यावरून कळतं.

लहानपणी तिच्या केसांना कुरळे असं कोणी म्हटलंच नव्हतं. ‘झिपऱ्या आवर’ म्हणत, ‘काय हे पिंजारलेलं डोकं’ म्हणत. शाळेच्या आधी आई वाटीभर खोबरेल चोपडून, गुडघ्यांत तिला पकडून, दोन चप्प वेण्या घाली आणि लाल रिबिनींनी त्या वर बांधून टाकी. कॉलेजात केसांवर इस्त्री फिरली. लग्नाच्या अल्बममधली सरळ केसांची नवरी कोण, असं तिची मुलगी अजून विचारते. मग तिशीच्या आसपास कधीतरी रात्री फोन बघता बघता तिला साक्षात्कार झाला, की आपले केस वाईट नाहीत, आपल्याला ते वागवता आले नाहीत. ओप्रा विन्फ्रीचे एकेकाळचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी माणसांच्या केसांची 1 ते 4 अशी वर्गवारी करून ठेवली आहे. 2 म्हणजे लाटा, 3 म्हणजे कुरळे, आणि प्रत्येकात पुन्हा अक्षरांचे पोटभेद. तेव्हापासून कुंतला नव्या ओळखीत गोत्र सांगावं तसं सांगते, ‘मी 2सी. मानेपाशी मात्र 3ए.’ ऐकणारा घाईघाईनं आपलाही फ्लॅट नंबर सांगून मोकळा होतो.

साक्षात्कारानंतर दीक्षा. लोरेन मॅसी यांच्या ‘कर्ली गर्ल’ पुस्तकातून निघालेल्या पंथात सल्फेटचा शाम्पू वर्ज्य, सिलिकॉन वर्ज्य, कंगवा वर्ज्य. केस ओले असताना बोटांनी विंचरायचे, ओंजळीत धरून खालून वर दाबायचे आणि नंतर त्यांना अजिबात हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम घरातल्या कुणालाच पाळता येत नाही, कारण रविवारी दुपारी तिच्या डोक्याकडे पाहून प्रत्येकाला एकदा दाबून बघावंसं वाटतं.

रविवार हा न्हाण्याचा वार. त्या दिवशी बाथरूम दोन तास बंद असतं. नवऱ्यानं आठवड्याची आंघोळ शनिवारी उरकून घेतलेली असते. टॉवेलच्या धाग्यांनी बटा विस्कटतात, म्हणून डोकं गुंडाळायला सुती टी-शर्ट लागतो आणि तो नवऱ्याचाच लागतो. मुलायम व्हायला टी-शर्टानं काही वर्षं माणसाच्या अंगावर काढावी लागतात. मागे त्याच्या कंपनीच्या ‘बेस्ट टीम’चा टी-शर्ट असाच डोक्यावर गेला. आता त्या पुरस्काराची अक्षरं दर रविवारी तिच्या कपाळावर असतात.

केस जागेवर बसवायला ती जवसाचं जेल करते. पातेल्यात जवस उकळायचे, पाण्याला तार आली की गॅस बंद करायचा आणि गरम असतानाच जुन्या ओढणीतून पिळायचं. जरा गार झालं की ते ओढणीतून खालीही पडत नाही आणि वरही राहत नाही. मधल्या मध्ये लोंबत राहतं. सासूबाई ओट्याच्या पलीकडून हे बघत असतात.

‘अगं, एवढ्या जवसात महिन्याची चटणी झाली असती.’

‘आई, चटणी पोटात जाते. केसांना वरून लागतं.’

‘आमच्या वेळी पोटातून केसांना पोचायचं हो सगळं.’

जेलचा डबा फ्रिजमध्ये दह्याशेजारी बसतो. पाहुण्याला एकदा त्यातलंच वाढलं गेलं. पाहुणा पेठेतला, त्यामुळे त्यानं संपवलं आणि ‘दही जरा बेताचंच लागलंय’ एवढंच बोलला.

इतकं सगळं करूनही केस राठच. बटा तासाभरात सुटायच्या, टोकं काथ्या व्हायची, शाम्पूला फेस यायचा नाही. कुंतलेनं क्रीम बदललं, जेल बदललं, उशीचा अभ्राही सॅटिनचा केला. मग एका दिवाळीत ती सदाशिव पेठेत मावससासूबाईंकडे राहिली. तिथे साध्या शाम्पूनं डोकं धुतलं आणि आरशात पाहते तर 3ए! मावससासूबाईंच्या घरी दुसरं काहीच विशेष नव्हतं. नळाला खडकवासल्याचं पाणी होतं. कुंतलेला उलगडा झाला, की पुस्तकवाल्या मॅसीबाईंचं सलून न्यूयॉर्कात आणि न्यूयॉर्कला पाणी येतं ते कॅट्सकिल डोंगरांतल्या जलाशयांचं, मुळातच मऊ. त्यांच्या पुस्तकात सगळं होतं, बोअर नव्हता.

इथून कुंतला केसांतून निघून पाण्यात शिरली.

आता तिच्याबरोबर लिफ्टमध्ये सातव्या मजल्यापर्यंत जाणाऱ्याला दख्खनच्या पठाराचं भूगर्भशास्त्र कळतं. पावसाचं पाणी मऊ असतं, ती सांगते. ते मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि खालच्या काळ्या दगडातलं कॅल्शियम नि मॅग्नेशियम विरघळवत खोल जातं. तेच आपण बोअरनं वर काढतो. केसांवर ऋण भार असतो, कॅल्शियमवर धन, त्यामुळे ते येऊन चिकटतं. पाणी निथळतं, क्षार राहतात. ‘तुमच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो ना, तोच माझ्या डोक्यावर बसतो,’ असं म्हणून ती सातव्या मजल्यावर उतरते आणि आठव्यावरचा माणूस घरी जाऊन गिझर उघडून बघतो.

उपाय तिनं सगळे केले. पाणी उकळून गार करून पाहिलं. उकळल्यानं कॅल्शियमचं बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन खाली बसतं खरं, पण सल्फेट नि क्लोराइड जागचे हलत नाहीत. शॉवरला चकचकीत फिल्टर लावला. तो क्लोरीन कमी करणारा निघाला, आणि बोअरच्या पाण्यात मुळात क्लोरीन असतंच कुठे! ईडीटीए असलेला, क्षार ओढून काढणारा शाम्पू मागवला. त्यानं क्षार गेले आणि महिन्याचं बजेटही. लिंबू पिळलेल्या पाण्यानं केस खळबळून घेतले, तेव्हा दोन दिवस तिच्याजवळून गेलं की भेळेची आठवण व्हायची. आजेसासूबाई शिकेकाई-रिठा लावत, त्याची तिनं पूर्वी थट्टा केली होती. साबणाचा क्षारांशी संबंध आला की न विरघळणारा चिकट साका होतो, रिठ्या-शिकेकाईतल्या सॅपोनिनचा होत नाही, हे वाचल्यावर तिनं आजेसासूबाईंच्या फोटोला हार घातला. मोरीत मात्र शिकेकाईचा चोथा अडकला आणि प्लंबरला बोलवावं लागलं.

रत्नागिरीला माहेरच्या कुळाचाराला गेली, तेव्हा जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी इतकं मऊ, की फेस डोक्यावरून उतरेना. कुंतला हरखली. पण कोकणातली हवा! दमट हवेतली वाफ केसात शिरते, आतले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि नको तिथे पुन्हा जुळतात. संध्याकाळपर्यंत केसांचा घेर दारातून मावेना. पाणी कोकणचं आणि हवा देशावरची, असं गाव अजून वसायचं आहे.

शेवटी तिनं घरातल्या आरओकडे मोर्चा वळवला. न्हाण्याचं अखेरचं पाणी आरओचं. रविवारी सकाळी टाकी रिकामी. यंत्र स्वच्छ पाण्याच्या प्रत्येक तांब्यामागे त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं, ते झाडांना जाई, तेव्हा बाल्कनीतल्या झाडांनाही रविवारी अजीर्ण होई. आणि इथेच घरात अनपेक्षित घटना घडली. रविवारची तुरीची डाळ शिजेना. पाच शिट्ट्या झाल्या, सात झाल्या. वरण पाण्याचं पाणी आणि डाळीची डाळ. सासूबाईंनी दुकानदार बदलला, कुकरची रिंग बदलली, सोड्याची चिमूट टाकली. कुंतलेच्या ध्यानात आलं, की आठवडाभर डाळ आरओच्या पाण्यात शिजते, रविवारी मात्र नळाच्या, म्हणजे बोअर नि टँकरच्या पाण्यात. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, ती फुटू देत नाही. आरओ कोण रिकामं करतं, हा भाग तिनं वगळला आणि बाकीचं विज्ञान सासूबाईंना नीट समजावलं.

‘म्हणजे हे टँकरवाल्यानं केलंय?’ सासूबाईंनी पदर खोचला. सासू-सुनेची आघाडी जन्माला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर दहा हजार लिटरचा टँकर उभा राहिला, तेव्हा पुढे कुंतला होती, हातात कठिणता तपासायचा संच. मागे सासूबाई, हातात स्टीलची वाटी. ड्रायव्हरनं पाइप खांद्यावर घेतला होता.

‘थांबा दादा. आधी नमुना.’

‘ताई, पाणी एकदम गोड आहे. मी स्वतः पितो.’

‘गोड असून जड असू शकतं.’

काचेच्या छोट्या नळीत तिनं पाणी घेतलं, आधी एक द्रव घातला, मग पूड. पाणी लाल द्राक्षाच्या रंगाचं झालं. वॉचमन जवळ आला. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब सोडायचा, नळी हलवायची, उजेडात धरायची. लाल निळं झालं की थेंब मोजून गुणाकार करायचा. थेंब पडत राहिले. दूधवाला थांबला, शाळेची बस चुकली, ड्रायव्हरनं पाइप खाली ठेवला. पाणी जांभळं झालं, रेंगाळलं आणि एकदम निळं झालं. ‘700 च्या वर!’ कुंतला ओरडली. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात 200 मिलिग्रॅम प्रतिलिटर ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण बाईच्या आवाजात असं काही होतं, की ड्रायव्हर म्हणाला, ‘उद्यापासून दुसऱ्या विहिरीचं आणतो.’

तेव्हापासून नळाच्या पाण्यानं एखादी बट भिजवली, की तिला केसांवरूनच विहिरी ओळखू येऊ लागल्या. सोमवारी केस चिकट, म्हणजे नाल्याकडची विहीर. बुधवारी टोकं काथ्या, म्हणजे बोअर एकट्यानं चाललाय, टँकर आलेलाच नाही. मग टँकरच्या बिलांची तपासणी निघाली. खजिनदारांच्या वहीत बुधवारी दोन टँकर होते, कुंतलेच्या डोक्यावर एकही नव्हता. लेखापरीक्षकाला जे सापडलं नव्हतं, ते टोकांना सापडलं.

वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळच्या विषयां’त तिनं पाणी मऊ करण्याचं संयंत्र मांडलं. चेअरमनकाकांच्या डोक्यावर हरकत घ्यायला फारसं काही उरलेलं नाही, तेव्हा केसांच्या नावानं त्यांच्याकडे डाळ शिजली नसती. कुंतला हुशार. तिनं ‘केस’ हा शब्दच काढला नाही. गिझरच्या कॉइली, अडकलेले नळ, बुजलेले शॉवर, आणि शेवटी गाड्यांवर धुतल्यावर राहणारे पांढरे डाग. डागांवर पुरुषवर्ग एकमुखानं उठला. ठराव मंजूर झाला.

संयंत्र आलं. आत राळेचे बारीक मणी. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरून गेले की मिठाच्या पाण्यानं ते धुऊन पुन्हा कामाला लावायचे. पन्नास किलो मिठाचं पोतं उतरलं, तेव्हा खजिनदारांनी विचारलं, ‘सोसायटीचं लोणचं घालायचंय का?’ चेअरमनकाकांनी खिशातून टीडीएसचं पेन काढून नव्या पाण्यात बुडवलं. आकडा होता तेवढाच.

‘वहिनी, फसवलं आपल्याला! टीडीएस तसाच!’

‘काका, ते पेन विरघळलेलं सगळंच मोजतं. आपण क्षार काढले नाहीत, बदलले. तुमचं पेन बरोबर आहे, प्रश्न चुकलाय.’

काकांनी पेन खिशात टाकलं. असं त्यांना घरीही कोणी बोलत नाही.

पहिल्या रविवारी कुंतला न्हाली. शाम्पू थेंबभर पुरला, फेस मावेना, केस रेशमी. आणि सोमवारी सकाळी बटा गळपटल्या. पाणी इतकं मऊ, की केसांना पकडच राहिली नाही. लाटा पाठीवर सपाट. तिनं संयंत्राची माहितीपुस्तिका काढली आणि तिला बायपास व्हॉल्व्ह सापडला. थोडं बोअरचं पाणी मिसळून कठिणता हवी तिथे ठेवता येते.

‘मी जरासं जड करून घेते,’ ती चावी घेऊन निघाली.

‘खबरदार!’ सासूबाई कुकरचं झाकण हातात घेऊन दारात उभ्या. ‘माझं वरण आत्ता कुठे तीन शिट्ट्यांत होतंय.’

आघाडी तिथेच फुटली. आता सोसायटीत दोन गट आहेत, डाळवाले आणि बटावाले, आणि येत्या निवडणुकीत दोघांनाही फक्त एकच खातं हवं आहे : व्हॉल्व्हचं. चेअरमनकाकांनी बाहेरून पाठिंबा कोणाला, हे अजून सांगितलेलं नाही.