त्या घरी चहा घ्याल का?

राजेंद्र नगरात कुणाला मालिका सुचवणं म्हणजे स्थळ सुचवण्याइतकंच जोखमीचं काम. सुचवताना सगळं छान दिसतं. घर चांगलं, माणसं शिकलेली, मुलगा शांत. मग दोनशेव्या भागात त्याच मुलाचं दुसरीकडे काहीतरी निघतं, सासूबाईंची स्मृती जाते, कुणाची तरी जुळी बहीण परदेशातून उगवते, आणि चोइथराम मंडीत मेथीची जुडी उलटसुलट करून बघत असताना आपल्याला मागून गाठलं जातं. "तुम्ही बोललात म्हणून बघायला बसले हं मी. आता बघा तो काय करून राहिलाय!" आपण मेथी सोडून पालकाकडे सरकतो. काकू पालकाकडेही येतात.

तरी सुचवल्याशिवाय कुणाला राहवत नाही. ए. बी. रोडला लागून असलेली, महूकडे जाणाऱ्या रुळांवर स्वतःचं स्टेशन मिरवणारी ही आमची वस्ती. इंदुरातली मराठी माणसं इथे दाटीने राहतात आणि त्यांची मुलं दाटीने पुण्यात, बंगळूरला नाहीतर हैदराबादला. मागे घरात दोघंजण, एक तुळस आणि एक टीव्ही. संध्याकाळी दिवा लागला की टीव्हीही लागतो. मग सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींत 'सध्या काय बघताय?' हा प्रश्न 'गुडघा कसा आहे?' याच्या पाठोपाठ येतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. त्याला मराठी मालिका आयती मिळाली. आमची भूक मात्र ऐकीव माहितीवर वाढली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. ते मुंबईला दिसलं, पुण्याला दिसलं, इंदूरच्या गच्चीवरून ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ आमच्यापर्यंत पोचले ते उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या मावसभावाच्या तोंडून. तो दोन्ही भूमिका स्वतः करायचा, काऊही तोच व्हायचा, आणि मध्येच 'व्यत्यय'ची पाटी म्हणून उशी धरून उभा राहायचा. पुढे कधीतरी खरा चिमणराव पाहिला, तेव्हा प्रभावळकर ठीकच वाटले. मात्र एक गोष्ट मी पुण्याच्या नातेवाइकांना अजूनही आवर्जून ऐकवतो. चिमणराव ज्यांनी लिहिला ते चिं. वि. जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते. पुणेरीपणाचा एवढा नामी नमुना गुजरातेत बसून उतरवला गेला, म्हणजे लांबून बघणाऱ्याला अधिक नीट दिसतं. यावर ते विषय बदलतात.

1984 साली 'हम लोग' आली तेव्हा देशाबरोबर आम्हीही बसलो. पण आमच्या आळीला खरं आपलं वाटलं ते 1988 च्या 'वागले की दुनिया'मुळे. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला तो कारकून, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. आडनाव मराठी, बोलणं हिंदी, पगार पुरत नाही आणि स्वभाव कुणाशी भांडू देत नाही. मुंबईकरांना ते मुंबईतलं कुटुंब वाटलं असेल. आम्हाला तर पलीकडच्या गल्लीतलं वाटलं.

मग 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि राजेंद्र नगरात केबलवाल्याचा भाव वाढला. "भिया, वो अल्फा लगा दो यार" अशी विनवणी करणाऱ्यांत निवृत्त प्राचार्यही होते. केबलवाला म्हणायचा, "अंकल, उसको देखेगा कौन?" शेवटी तो आला, गच्चीवर चढला, आणि बैठकीत 'आभाळमाया' लागली. सुधा जोशी झालेल्या सुकन्या कुलकर्णी पडद्यावर बोलायला लागल्या तेव्हा आमच्या आईने आधी कथा ऐकली नाहीच, नुसतं बोलणं ऐकलं. टीव्ही आजवर तिच्याशी हिंदीतच बोलला होता.

तेव्हापासून आजवर इतक्या मालिका पाहिल्या, शिव्या घालत पाहिल्या, स्वयंपाकघरातून कान देऊन पाहिल्या, की कुणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे आता एकच कसोटी उरली आहे. त्या घरी जाऊन चहा घ्यावासा वाटतो का? अभिनय, संवाद, छायाचित्रण हे जाणकारांनी बघावं. आम्ही महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसं मालिकेत जातो ती संध्याकाळी कुणाकडे तरी बसायला जावं तशी. बसायला जागाच नसेल तर कसं जायचं?

आणि हल्लीच्या बऱ्याच घरांत जागा नसते. म्हणजे दिवाणखाना आपल्या स्टेशनच्या फलाटाएवढा असतो, पण तिथे कुणी बसलेलं दिसत नाही. सगळे उभे. रात्री दहा वाजता भरजरी साडीत, ओळीने, एकमेकांकडे वळून बघत. मध्यभागी जिना, आणि वाईट बातमी नेहमी जिन्यावरून खाली येते. स्वयंपाकघरात ओट्यावर एक डाग नाही. सूनबाई सकाळी सहाला नथ घालून चहा करतात, तो ट्रेमधून बाहेर येतो आणि कुणीतरी काहीतरी बोलल्यामुळे खाली पडतो. चहा सांडणं एवढंच त्या घरात चहाचं काम.

समोरच्या काकूंची परीक्षा तर याहून कडक आहे. त्या बशा बघतात. कांदेपोह्यांचा कार्यक्रम कुठल्याही मालिकेत आठवड्या-दोन आठवड्यांनी येतोच. काकू चष्मा पुसतात आणि पुढे सरकून बसतात. "शेव नाही," त्या जाहीर करतात. खोबरं आहे, कोथिंबीर आहे, लिंबाची फोड आहे, पण शेव नाही. आमच्याकडे पोहे फोडणी देऊन वाफेच्या भांड्यावर ठेवलेले असतात, लुसलुशीत. बशीत घेतले की वर बारीक शेव, कांदा, जीरावनची चिमूट आणि शेजारी जलेबी. शेव नसलेले पोहे देऊन त्यांनी मुलगी पसंत करून घेतली, इथेच काकूंना त्या घराविषयी शंका येते. पुढे ते लग्न मोडतं तेव्हा त्यांना अजिबात आश्चर्य वाटत नाही. कथानकाचा इतका अचूक अंदाज मी कुठल्या समीक्षकाकडे पाहिलेला नाही.

तर माझ्या कसोटीवर पहिला नंबर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चा. 2001 साली सुरू झालेली, केदार शिंदे यांची. मुळात प्रभावळकरांचंच लेखन, 'अनुदिनी'. फ्लॅटमध्ये राहणारं एक कुटुंब, डायरी लिहिणारे आबा, मुलगा, सून, दोन नातवंडं. घडतं काय? फारसं काहीच नाही. नातवाला काहीतरी हवं असतं, सुनेला काळजी असते, मुलाला ऑफिसात त्रास असतो, आबांना सगळं कळतं आणि ते निम्मंच बोलतात. आठवड्यातून एकदा लागायची. ही त्यातली मोठी सोय होती, मधले सहा दिवस आपल्या घरात काय चाललंय तेही बघता यायचं. टिप्ऱ्यांकडे मी केव्हाही जाईन. शुभांगी गोखल्यांची श्यामला कपाळाला आठ्या घालेल, पण कप आणून देईल.

दुसरी 'प्रपंच'. प्रतिमा कुलकर्णी यांची, अल्फाच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. समुद्राकाठचं घर, तीन पिढ्या आणि सुधीर जोशी. इंदुराला समुद्र नाही, तलाव आहेत, त्यामुळे त्या घराचा हेवा दुप्पट वाटायचा. त्या घरात माणसं बसलेली असत. टेबलाशी, पायरीवर, कुठेही. भांडत तीही बसूनच. बसून भांडणाऱ्या माणसाचा आवाज एका मर्यादेपलीकडे चढत नाही, हे मालिका दिग्दर्शकांनी ध्यानात घ्यावं.

'अग्निहोत्र' मात्र सांभाळून सुचवावी. सतीश राजवाडे यांची, 2008 ची, स्टार प्रवाहवरची. नाशिकचा वाडा, अग्निहोत्रींचं विखुरलेलं घराणं, गणपतींच्या मूर्तींचं गूढ आणि विक्रम गोखले, विनय आपटे, मोहन आगाशे असे एकेक नट. त्या वाड्यात चहा नक्की मिळेल. पण प्यायला बसलात की कुणीतरी जुनी गोष्ट काढणार आणि तुमची शेवटची सिटी बस चुकणार.

रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची 'उंच माझा झोका' मी मुली असलेल्या घरांत डोळे झाकून सांगतो. 1873 मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी न्यायमूर्तींच्या घरात सून म्हणून येते आणि नवऱ्याच्या आग्रहाने पाटी हातात घेते. शिकवणारा नवरा एकीकडे आणि शिकते म्हणून टोमणे मारणाऱ्या घरातल्याच बायका दुसरीकडे. खलनायक बाहेरून आणावा लागत नाही, माजघरातच असतो, आणि त्यालाही प्रेमाने वाढावं लागतं. शिवाय तिचा एक मोठा गुण. ती 2012 ला सुरू झाली आणि 2013 ला संपली.

संपणं हा गुण फार दुर्मीळ झाला आहे. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपली, तर लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांचं लग्न एकदाचं खरं मानलं गेलं आणि सगळे आपापल्या घरी गेले. त्याउलट 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तीन हजारांहून अधिक भाग. तिच्याविषयी आमच्या आळीत कुणी वाईट बोलत नाही. ज्या मालिकेच्या काळात मूल बालवाडीतून कॉलेजच्या उंबऱ्याशी गेलं, ती घरचीच होते.

'आई कुठे काय करते' ही वेगळी गोष्ट. 2019 च्या अखेरीला सुरू झाली, 2024 च्या अखेरीला संपली. त्या घरी चहा घ्यायला मी कधीच गेलो नसतो, अरुंधतीलाच करावा लागला असता. पण ती घराबाहेर पडली त्या आठवड्यात राजेंद्र नगरातल्या बऱ्याच नवऱ्यांनी आपापल्या कपबशा विसळल्या. कुणी त्याबद्दल बोललं नाही. मालिकांचा समाजावर परिणाम होतो की नाही यावर परिसंवाद होतात, तेव्हा मला त्या कपबशा आठवतात.

आमच्याकडे मालिकेतली माणसं प्रत्यक्षही भेटतात, सानंदच्या कृपेने. सानंद न्यास मुंबई-पुण्याची नाटकं इंदुरात आणतो. सभासदांचे पाच गट, रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी त्यांची नावं, आणि प्रत्येक गटासाठी नाटकाचा वेगळा प्रयोग. म्हणजे नटाला इंदुरात तेच पाच वेळा करावं लागतं आणि मधल्या वेळात प्रेक्षकांच्या तावडीत सापडावं लागतं. एकदा एक नामवंत नट असे सापडले. नाटकात त्यांनी हळव्या वडिलांचं काम केलं होतं, लोक रुमाल काढून बसले होते. पण त्या काळात मालिकेत ते सुनेला छळत होते. काकू सरळ पुढे गेल्या. "काम छान झालं हो तुमचं. पण तिला आता सोडा." नट हसले, हात जोडले आणि म्हणाले, "काकू, मी कधीच सोडलं असतं. चॅनेल ऐकत नाही." काकूंना ते मनापासून पटलं. त्यांच्या मालकांचंही आयुष्य सरकारी नोकरीत गेलं होतं.

मुलांच्या शिफारशी फोनवर येतात आणि त्यांना घाई फार. "बाबा, दोन दिवसांत संपवा." का संपवा? पाहुणा आला की त्याला ताटावरून उठवून पोचवायला निघतो का आपण? शिवाय त्यांतल्या निम्म्या मालिका दार लावून, एकट्याने, आवाज कमी करून बघाव्या लागतात. तरी 'पंचायत' आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावची, चित्रण मात्र आमच्या सीहोरजवळच्या महोडियात. कोपऱ्यावरचे भाऊसाहेब भोपाळला जाताना गाडी वळवून पाण्याची टाकी बघून आले. टाकी चढू दिली नाही म्हणून थोडे नाराज होते. वय वर्षं त्र्याहत्तर.

आणि 'गुल्लक'. मिश्रांचं घर, चित्रण भोपाळचं, आई शांती मिश्रा म्हणजे आपली गीतांजली कुलकर्णी. वागल्यांच्या वेळी हिंदी भाषक नटाने मराठी गृहस्थ केला होता, त्याची परतफेड तिने व्याजासकट केली. तिथे चहा हमखास मिळेल, आणि तो देताना ती आपल्यादेखत नवऱ्याला दोन शब्द सुनावेल, म्हणजे आपण परके नाही याची खात्री पटेल. मराठीतच काही हवं असेल तर प्रिया बापट आणि उमेश कामत यांची 'आणि काय हवं' बघा. नवराबायको, पहिली गाडी, पहिलं घर, एवढ्यावर भाग होतात. काकूंनी ती एका दुपारी पाहिली आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "मुलीला भांडी लावायची पद्धत आहे."

आता राहिल्या सध्या चालू असलेल्या मालिका. त्यांच्याबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात आणि मी सर्वांत कमी बोलतो. पुढे काय होणार हे लेखकालाही पुरतं ठाऊक नसतं. टीआरपीचे आकडे दर गुरुवारी येतात. आकडा घसरला की शांत मुलगा बिघडतो, चढला की ठरलेलं लग्न आणखी सहा महिने लांबतं. म्हणून मंडीत कुणी अडवून विचारलंच, तर मी त्या घराबद्दल फक्त गुरुवारपर्यंतची हमी देतो.