हे कोणी बसवलंय?

गाडीचं काहीही बिघडलेलं असो, मिस्त्री आधी वाकून बघतो, जीभ टाळ्याला लावून 'च्' करतो आणि विचारतो, "हे कोणी बसवलंय?"

त्याचं गॅरेज म्हणजे घोडेगावला, कांदा मार्केटच्या अलीकडं चार पत्रे आणि एक लिंब. पाटीवर अजून 'जि. अहमदनगर' आहे. २०२४ साली जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं. पेंटरची उधारी फिटली की पाटीवरही होणार आहे. शिंगणापूर तिथून जवळच. "घरांना दारं नाहीत, पण तिकडच्या पिकअपच्या डिझेल टाकीला कुलूप बघून घ्या," हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. शनिवारी मात्र तेल वाहायला सगळ्यांच्या आधी हजर.

माझ्या पिकअपचं दुखणं साधं होतं. टाकी फुल्ल केली की खाली डिझेल ठिबकायचं. डिझेल ओततो त्या तोंडापासून टाकीपर्यंतचा रबरी पाइप क्लिपजवळ तडकला होता.

"कोणी बसवलाय हा?"

"तुम्हीच. परवाच्या पोळ्याला."

गाडीखाली जरा शांतता. मग आवाज आला, "तरीच निघंना! आपलं काम हाये ते."

क्लिपचा स्क्रू गंजून गेलेला. तो कसाबसा सुटला, तर पोऱ्यानं पाइपच धरून ओढला. मिस्त्रीनं त्याला टपली मारली. "गाय वढतो का रं? पिळ आधी." मग टपरीवरून किटलीभर आधण मागवलं (माझ्या चहाच्या हिशेबात), ते रबरावर ओतलं, बोथट स्क्रूड्रायव्हर कडेनं अलगद फिरवला आणि पाइप डावीकडं-उजवीकडं पिळत बसला. एरवी हा माणूस नटसुद्धा हातोडीनं सोडवतो. पण त्या दहा मिनिटांत त्याच्या अंगात सुईणीचा धीर आला होता. विडीही न पेटवता कानावर. फट् करून पाइप सुटला. शेजारची बारकी, हवेची नळीही निघाली. टाकीत धूळ जाऊ नये म्हणून त्यानं खिशातली लाल चिंधी टाकीच्या तोंडात कोंबली आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की असलं काम नगरात करून दाखवा.

नवा पाइप चढवतानाच रस्त्यावरच्या कांद्याच्या ट्रकनं हॉर्न दिला. मिस्त्रीनं त्याला हात केला, दोन शिव्या दिल्या, चहाला बोलावलं, इकडं क्लिप आवळली आणि माझे पैसे मोजून घेतले.

पंपावर नोझल तीनदा टक्कन बंद पडलं. चौथ्यांदा डिझेल उसळून माझ्या चपलेवर. फोन लावला.

"आत जाईना? कोणी बसवला..." एवढं म्हणून तो थांबला. पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भाऊ, माझी लाल चिंधी तुमच्याकडं आलीय का ओ? सकाळपासून हुडकतोय."

"टाकीत असेल."

"मंग या घेऊन. अन् काढताना फेकू नका, सुती हाये ती."