सहकुटुंब, सहकोयता

दसरा जवळ आला की नांदूरघाटात दोन सहलींचा विषय निघतो. एक अंदमानची. पुण्या-मुंबईच्या पेपरात तिचं पानभर रंगीत चित्र येतं : पाच रात्री, सहा दिवस, विमानभाड्यासहित, जेवण महाराष्ट्रीय. दुसरीची जाहिरात कुठंच येत नाही. तिला मुकादम पुरतो.

अंदमानला पैसे आधी भरावे लागतात. मुकादमाच्या सहलीत ते आधी मिळतात, त्याला उचल म्हणतात. गिऱ्हाइकाला आगाऊ पैसे मोजून फिरायला नेणारी कंपनी जगात दुसरी नसावी. हा मान बीड जिल्ह्याचा. मुक्कामही पाच रात्रींचा नाही, चांगला चार-पाच महिन्यांचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, लेकरं फुकट, त्यांना राखायला म्हातारी. गाडीवान असेल तर बैलंसुद्धा सोबत. अंदमानच्या विमानात आधी पंधरा किलोच्या वर काय भरलं, ते विचारतात.

बेटाचं म्हणाल, तर अंदमानात पूर्वीचं रॉस आणि २०१८ पासूनचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप नावाचं एक बेट आहे. इंग्रजांनी आणून सोडलेल्या चितळांची प्रजा तिथं माणसाच्या हातातून खाते. मराठी माणूस मात्र आधी सेल्युलर जेल बघतो. कोलूपाशी गाइड सांगतो, कैद्याला दिवसाकाठी तीस पौंड तेल काढावं लागे. सगळे हळहळतात, आणि हळहळावंच. मग बाहेर येऊन चहा मागतात, साखर जरा जास्त. ती साखर कोणाच्या कोट्यातली, हे सांगायला तिथं गाइड नसतो. म्हणून इथंच सांगतो : एका कोयत्याला दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडावा लागतो. २०२४च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ मिळाली तेव्हा कुठं टनाला ३६६ रुपयांच्या आसपास दर झाला.

आमचं बेट दुपारनंतर तयार होतं. फड कडेनं तोडत आत गेलं की मधे उसाचा एक हिरवा चौकोन उरतो, भोवती नुसतं पाचट. रानातली सगळी जित्राबं तोवर त्या चौकोनात सरकलेली असतात : ससे, मुंगसं, रानमांजर, एखादी घोणस. टोळी जुन्नर, शिरूर किंवा अकोल्याकडं गेली असेल, तर यजमान बिबट्या. अकोले परिसराच्या शेतशिवारात, जंगल म्हणावं असं फारसं काही नसताना, शंभर चौरस किलोमीटरला सरासरी पाच प्रौढ बिबटे राहतात, असं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. ताडोबात जीपचे पैसे भरून, पहाटे कुडकुडत जाऊनही जनावर दिसेलच याची कोणी हमी देत नाही. इथं न दिसावं म्हणून माणसं नवस बोलतात.

सहलीचा सगळ्यात हृद्य भाग म्हणजे बछडी. उसाच्या सरीत ती सापडली की तोड थांबते. वनखात्याची माणसं येतात, पिल्लांना क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात. रात्री मादी येऊन एकेक पिल्लू उचलून नेते. सकाळी तो व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरतो आणि आईचं काळीज म्हणून लोक डोळे पुसतात. त्याच फडाच्या बांधावर साडीच्या झोळीत निजलेल्या लेकराची आईसुद्धा रात्रीच येते, ट्रॅक्टरमध्ये शेवटची मोळी चढवून झाल्यावर. तिथं कॅमेरा लावायला कोणाला सवड झालेली नाही.

स्वागताचंही बघा. बेटावर उतरल्यावर गळ्यात शंखशिंपल्यांची माळ घालतात म्हणे. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला २०२५च्या नोव्हेंबरात लोक गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालून शेतात जाताना दिसले. बिबट्या मान धरतो, म्हणून ही सोय. सरकारचीही सोय आहे : वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर घरच्यांना २५ लाख. टनाला ३६६च्या हिशेबानं एवढी रक्कम किती हंगामांत सुटेल, ते गणित मी मुद्दाम सोडवलेलं नाही. कोपीत कोणीतरी सोडवलेलं असेल, याची भीती वाटते.

आता सूचना. सहल म्हटली की सूचनांचा कागद आलाच. बिबट्या असलेल्या भागात फिरायचं कसं, ते पत्रकं सांगतात : एकट्यानं जाऊ नका, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावा, अंधारात उघड्यावर बसू नका आणि शेतात शक्यतो वाकू नका, वाकलेला माणूस जनावराला सावज वाटतो. कारखान्याचा चिटबॉयही फडावर येऊन सूचनाच देतो : ऊस जमिनीलगत तोडा, साखर बुडख्यात असते, वर राखलात तर पैसे कापू. दोघांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. तेव्हा बुडख्यातला ऊस उभ्यानं कसा तोडावा, याचं प्रात्यक्षिक दोन्ही खात्यांच्या साहेबांनी एकदा मिळून फडात करून दाखवावं. कोयता टोळी देईल. पट्टे पिंपरखेडवरून मागवता येतील.