दांडा जड, भांडं हलकं

भांड्याला दांडा असतो तो हात भाजू नये म्हणून, अशी आपली जुनी समजूत. हल्लीची भांडी पाहिली की वाटतं, कारखान्यात आधी दांडा तयार होतो आणि उरलेल्या पत्र्यात भांडं बसवतात. फोडणीचं भांडं एवढंसं, पळीभर तेलाचं. दांडा मात्र वीतभर, जाडजूड, टोकाला टांगायची कडी. ओट्यावर ठेवलं की ते दांड्यावर बसतं आणि तोंड छताकडे करतं.

असं एक भांडं वहिनीनं कोल्हापूरहून आणलं. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून गोंदियाला येईपर्यंत १३०० किलोमीटरहून जास्त धावते. तेवढ्या धक्क्यांत ते पिशवीत सरळ राहिलं. शेगडीवर चढलं आणि लाखोळीच्या डाळीसाठी ठेवलेल्या तेल-लसणासकट उलटलं. आई म्हणाली, "हे भांडं हाय का तराजू, बापा?"

आईनं नेमकं दुखणं पकडलं होतं. भांडं आणि दांडा मिळून जो गुरुत्वमध्य होतो, तो शेगडीच्या स्टँडच्या टोकांनी आखलेल्या हद्दीत असेल तर भांडं उभं, हद्द ओलांडली की आडवं. तीन टोकांच्या स्टँडवर ही हद्द त्रिकोणी. मध्यापासून टोक जितकं लांब, त्याच्या निम्म्यावरच त्रिकोणाची बाजू येते. म्हणून दांडा टोकाच्या रेषेत ठेवला तर आधार पुरता मिळतो, दोन टोकांच्या मधल्या मोकळ्या जागेवर ठेवला तर निम्मा. चार टोकांच्या स्टँडवरही मधल्या जागेत सुमारे ७० टक्केच. हा उपाय फुकट आहे, आणि फुकट असल्यामुळे घरात कुणी ऐकत नाही.

दुसरा उपाय चहाच्या भांड्यापुरता: पाणी आधी घाला, मग भांडं शेगडीवर ठेवा. पाण्याचा भार दांड्याला उत्तर देतो. फोडणीला हे चालत नाही. तोल सांभाळेल इतकं तेल घातलं तर पुढे डॉक्टर सांभाळावा लागतो. तिसरा उपाय बाजारात मिळणाऱ्या छोट्या जाळीचा. ती स्टँडवर ठेवली की लहान बूड मधल्या पोकळीत घसरत नाही. पण दांडाच बेसुमार जड असेल तर भांडं जाळीवरूनही पडतं, जरा व्यवस्थित पडतं एवढंच.

शेजारच्या काकांचा जन्म राइस मिलच्या काट्यावर धानाची पोती मोजण्यात गेला. ते म्हणाले, "सोपं हाय जी. समोरच्या काठाले तेवढंच वजन लावा." आईनं समोरच्या काठाला सांडशी अडकवली. भांडं सरळ झालं, काका खूश झाले, मोहरी तडतडली. तोवर सांडशी इतकी तापली की ती काढायला दुसरी सांडशी शोधावी लागली.

तेव्हा माझं लक्ष आईच्या गंजाकडे, म्हणजे पातेल्याकडे, गेलं. आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पितळेचं नाव भंडाऱ्याकडे राहिलं, धानाच्या गिरण्यांचं आमच्याकडे. गंज मात्र दोन्हीकडच्या चुलीवर तसाच बसून आहे. त्यात वरण शिजतं, भात शिजतो, दूध तापतं. तो भरलेला असो की रिकामा, कलत नाही, कारण त्याला दांडाच नाही. उतरवायच्या वेळी सांडशी येते, काठ पकडते, काम करते आणि खुंटीवर परत जाते. एकाच सांडशीवर घरातले सगळे गंज निभतात, आणि ते एकात एक बसतात म्हणून फळीवर जागाही कमी खातात. प्रत्येक भांड्याला कायमचा दांडा जोडून आपण सोय वाढवली म्हणतो. खरं तर चोवीस तासांतल्या दोन मिनिटांच्या कामासाठी एक जड पाहुणा बाराही महिने घरी ठेवून घेतला.

तरी दांड्याचं भांडं घ्यायचंच असेल, तर चकाकी पाहू नका. दुकानदारासमोर ते रिकामं, झाकणाशिवाय, सपाट फळीवर ठेवा आणि हात काढा. कललं तर तिथंच सोडून या. उभं राहिलं तर आणा, पण शेगडीवर ठेवताना दांडा टोकाच्या रेषेतच ठेवा. आणि घरातली सांडशी मोडीत देऊ नका.