गुरुजी सोडून सगळे सुधारक

महाराष्ट्रात शाळा सुधारायची म्हटलं की सगळे धावून येतात. मंत्री येतात, सचिव येतात, सल्लागार, सीएसआरवाले, अ‍ॅपवाले येतात. एक माणूस तेवढा येत नाही. तो आधीपासून वर्गात असतो.

त्याला बोलावायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, सुधारणांच्या केंद्रस्थानी शिक्षक हवा. आहेच की! सगळे भोवती गोल करून उभे आहेत आणि प्रत्येकाचं बोट त्याच्याकडे आहे. याहून केंद्रस्थानी काय असतं?

सरकारनेही हयगय केलेली नाही. 2022 मध्ये आदेश निघाला, शिक्षकांचे फोटो वर्गात लावा. 2024 मध्ये निघाला, जीन्स-टीशर्ट नको, शर्ट खोचा, नावाआधी 'टि' लावा. थोडक्यात, फोटो वर्गात राहील याची सोय झाली. गुरुजी वर्गात राहतील याची मात्र राहून गेली.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं, शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नका. अपवाद फक्त तीन: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक. वाचायला छान वाटतं. फक्त एवढं सांगा, आपल्याकडे निवडणूक नसते कधी?

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. शिक्षकाला किमान 12 रुपये पगार द्या, मोठ्या गावात 15-20 द्या, अशी मागणी केली. गावचे हिशेब तपासणं, दस्तनोंदणी, टपाल अशी कामंही त्याच्याकडे सोपवा, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल, असंही सुचवलं. यातली कामं वाढवण्याची सूचना सरकारने मनापासून स्वीकारली.

मानाची फाईल अजून फिरते आहे.

आता महाळुंगेकडे या. चाकण एमआयडीसीतलं हे गाव. इथे दुचाकी बनतात, पलीकडे निघोजेत मोटारी बनतात. कारखान्यात लाइनवरच्या कामगाराला विचारतात, बाबा, काम सोपं कसं होईल? त्याची सूचना फळ्यावर लागते, बक्षीस मिळतं, फोटो निघतो. बोल्ट आवळणाऱ्यालाच बोल्टचं दुखणं ठाऊक, हे जपान्यांनी जगाला शिकवलं आणि चाकणने ते अंगी बाणवलं.

कंपाउंडच्या बाहेर जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे सूचनापेटीही नाही. तिथे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.

ग्रुपवर सकाळी अकराला मेसेज पडतो: 'अति तात्काळ. दुपारी दोनपर्यंत माहिती द्यावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.' गुरुजी भागाकार फळ्यावर अर्धा सोडतात. खिचडीची चव घ्यायची, चव रजिस्टरमध्ये सही करायची, जेवलेल्या पोरांचा आकडा अ‍ॅपवर टाकायचा. नेट गेलेलं असतं. मग फोन हातात धरून ते ग्राउंडच्या कोपऱ्यात उभे राहतात, जिथे दोन कांड्या येतात.

भागाकाराची बाकी काय उरली? ते पोरांनी घरी जाऊन बघायचं.

या पट्ट्यातल्या वर्गात पोरं तरी कुठली? बीडची, नांदेडची, बुलढाण्याची, बिहारची, ओडिशाची. बाप ठेकेदाराकडे, खोली भाड्याची. पोरगं दिवाळीनंतर येतं, दाखला नसतो. होळीला ठेका संपतो, पोरगं गायब. या मधल्या चार महिन्यांत गुरुजींनी त्याला मराठी समजून घ्यायला, वाचायला आणि लिहायला शिकवायचं. बरं, त्याच्या आधारमध्ये नावाचं स्पेलिंग चुकलेलं. शिक्षकांची पदं ठरताना पोर्टल आधार जुळलेली पोरं मोजतं. म्हणजे पोर बाकावर आहे, डबा खातंय, खोड्या काढतंय; पण सरकारच्या हिशेबी ते नाहीच.

आणि जे पोर नाही, त्याला शिक्षक कशाला?

मग सीएसआरवाले येतात. कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी काढावे लागतात. समाज म्हटलं की पहिली दिसते ती शाळेची भिंत. भिंतीवर रेल्वेचा डबा रंगतो, स्मार्ट टीव्ही बसतो, फीत कापली जाते. गुरुजी, तुम्हाला काय हवंय? हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नसतो. त्यांनी सांगितलं असतं, साहेब, वीजबिलाचं बघा. आता टीव्ही कपाटात, चावी मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक पंचायत समितीत मीटिंगला.

हे सगळं असूनही शाळा सुधारतात. कुठे? लांब जायला नको, महाळुंगेच्याच खेड तालुक्यात.

जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट तीनवर आला होता. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गाव कामाला लागलं, मोठी पोरं विषयमित्र होऊन धाकट्यांना शिकवू लागली. पट शंभरीपार गेला. 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत या शाळेने लोकपसंतीचा मान पटकावला. मग सगळ्यांनी अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या.

हेच वारे गुरुजी आधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत होते. तिथेही शाळा नावारूपाला आली, प्रवेशासाठी रांगा लागल्या. पुढे आरोप झाले आणि निलंबन झालं. चौकशीत आरोप टिकले नाहीत. आपल्याकडे काहीच न करणाऱ्या शिक्षकाची चौकशी झाल्याचं ऐकलंय कधी?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसलेंना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली. पुढे अमेरिकेच्या फेलोशिपसाठी रजा मागितली, तर रजेचाच वाद झाला. जग जिंकणं सोपं असतं. रजेचा अर्ज मंजूर होणं वेगळी गोष्ट.

आणखी एक गंमत. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा गुंडाळून समूह शाळा कराव्यात, असा विचार सरकार 2023 पासून बोलून दाखवतं. तीन पोरांची जालिंदरनगरची शाळा त्या चाळणीत कुठे राहिली असती? फायली जरा चपळ असत्या, तर जगाला ती दिसलीच नसती.

सरकारी दिरंगाईचे उपकार कमी लेखू नयेत.

2024 च्या शिक्षकदिनी, होय, बरोबर 5 सप्टेंबरला, सरकारने शिक्षकांना भेट दिली. कमी पटाच्या शाळेत कंत्राटी शिक्षक नेमा, महिना 15 हजार. चाकणच्या ठेकेदारांना ही पद्धत घरची वाटली असेल.

इथवर माना डोलावणाऱ्या गुरुजींनो, आता तुमच्याकडे वळू.

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलाय त्यांनी दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावं. राज्यभर खळबळ उडाली. वीस वर्षं शिकवल्यावर परीक्षा म्हणजे जाच, हे मान्य. पण परीक्षेला घाबरायचं नसतं बाळांनो, असं दर मार्चमध्ये सांगतं कोण?

जुन्या पेन्शनसाठी मोर्चा निघतो, बदल्यांसाठी निघतो, संचमान्यतेसाठी निघतो. निघायलाच हवा. तिसरीच्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही म्हणून निघालेला मोर्चा कोणी पाहिलाय?

आणि झेडपीच्या गुरुजींचं स्वतःचं पोर कुठल्या शाळेत? सकाळी पिवळ्या बसच्या थांब्यावर उभे राहा, उत्तर टाय लावून येतं.

म्हणजे शिक्षक देवमाणूसही नाही आणि कामचुकारही नाही. तो नोकरदार आहे. त्याला ठरवायची मोकळीक द्या आणि ठरवल्याचा जाबही विचारा, तो काम करून दाखवतो. आपण मोकळीक मंत्रालयात ठेवली आणि जाब तेवढा शाळेत पाठवला. वर्षाला नवं अभियान, नवं अ‍ॅप, नवं घोषवाक्य. जुन्याचं काय झालं, हे विचारायला वेळ कोणाला? नव्याची माहिती भरायची असते.

तेव्हा या खेपेला गुरुजींच्या वतीने एक मेसेज वर पाठवू. शिक्षकाला आधी विचारून मग ठरवलेल्या शालेय सुधारणांची यादी मंत्रालयाने सादर करावी. अति तात्काळ. आज दुपारी दोनपर्यंत.

माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.