हजार डॉलरांचे घर

ज्या डेट्रॉइट नगरीत १९५० साली साडेअठरा लाख माणसे सुखेनैव नांदत होती आणि जिने २०१३ साली न्यायालयात रीतसर दिवाळे काढले, त्या नगरीची सरकारी लँड बँक २०१४पासून ओसाड घरांची बोली अवघ्या हजार डॉलरांपासून पुकारू लागली, तेव्हा मोटारींच्या या माहेरघरात घर मोटारीपेक्षा स्वस्त झाले. भाव वाजवीच होता. कारण तांब्याचे नळ, विजेच्या तारा आणि पाण्याचा बंब भुरट्यांनी आगाऊच उचलून नव्या मालकाची आवराआवर वाचवली होती. शर्त एवढीच, की सहा महिन्यांत घर राहते करावे, अन्यथा मालमत्ता जप्त. आणि असल्या घरावर दुसऱ्या बँका, म्हणजे पैसे देणाऱ्या, सहसा कर्ज देत नसत. सबब, इच्छुकांनी बोलीपूर्वी कंत्राटदाराचा लेखी अंदाज अवश्य मागवावा.