कढीपत्त्यावरचा पाहुणा

आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला परमुलखाचं फारसं अप्रूप नाही. मोठा दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो की विमान, तो एरवीही दुसऱ्या राज्यात, म्हणजे नागपूरलाच जातो. राज्य मध्यप्रदेश, बोली मराठी, बाजार नागपूर. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, तरी या व्यवस्थेत काही बदल झाला नाही. त्यामुळे संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हातात पडले की ‘ताईकडे दुबईले जाऊन येऊ’ हा बेत आमच्याकडे जेवता जेवता ठरतो. नागपूरहून थेट शारजा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या दगडफेकीत, जाम नदी ओलांडून सावरगावला जाण्यापेक्षा हा प्रवास केव्हाही सुखाचा.

दुबईत भाच्याच्या हट्टापायी आम्ही फुलपाखरांच्या बागेत गेलो. ही बाग 2015 साली सुरू झाली. मोठमोठे घुमट, आत बेताचा गारवा, आणि पंधरा हजारांच्या वर फुलपाखरं असल्याचं सांगतात. लोक हात पसरून उभे होते. एखादं फुलपाखरू मनगटावर टेकलं की घरादाराला हाक, मग फोटो, मग त्याच मनगटाचा पुन्हा फोटो. भाच्याच्या कानावर एक निळं येऊन बसलं आणि तो श्वास रोखून पुतळा झाला. जन्मात इतका वेळ गप्प बसलेला त्याला कोणी पाहिला नव्हता.

बाबांच्या चेहऱ्यावर मात्र वेगळंच काही चाललं होतं. हयात संत्र्याच्या बागेत गेलेला माणूस पंधरा हजार फुलपाखरं पाहतो तेव्हा त्याला त्यांच्या पोटातली अंडी दिसतात. त्यांनी हळूच विचारलं, “यायच्या अळ्या काय खातात?” मी सांगितलं की अशा बागांमध्ये बहुधा कोषच बाहेरून मागवतात. बाबांनी क्षणभर विचार केला. “म्हणजे अळी दुसऱ्याच्या वावरात, आन् फुलपाखरू यायच्या घरी.”

जगातल्या बऱ्याच व्यवहारांवर हे वाक्य चपखल बसतं.

पुढे हत्त्याला गेलो. दुबईचाच हा डोंगराळ भाग. उघडेबोडके डोंगर आणि मध्ये धरणाचं हिरवंनिळं पाणी. जावयांनी गळ्यात दुर्बीण अडकवली होती. ते आकाशाकडे पाहत होते, आई रस्त्याच्या कडेला. “अवं माय, हे तं रुई हाय!” खरंच रुई होती. तीच जाड, राखट-हिरवी पानं, तोच मोडल्याबरोबर टपकणारा पांढरा चीक. जामसावळीच्या निद्रिस्त हनुमानाला हात जोडणाऱ्या आईला रुई पाहिली की माळच सुचते. वार कोणता याची चौकशीही करून झाली. आणि त्या झुडपावर, शेंदरी पंखांचं, काळ्या काठाचं, टोकाशी पांढरे ठिपके असलेलं एक फुलपाखरू निवांत फिरत होतं. आपल्याकडे रुईवर दिसतं तेच. आफ्रिकेपासून अरबस्तान, हिंदुस्थान करत ते पार ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलंय. त्याची अळी रुई खाते आणि चिकातलं विष अंगात मुरवून ठेवते. पुढे पंख फुटले तरी ते विष राहतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि म्हणूनच त्याला उडायची घाई नाही. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत जावयांना ते काही सापडेना. आईने बोट दाखवून दिलं.

तेव्हा मला वाटलं, फुलपाखरं पाहण्याची खरी विद्या आमच्या घरात होती, फक्त तिला कुणी छंद म्हटलं नव्हतं. फुलपाखराच्या मागे धावणाऱ्याच्या हाती वारा लागतो. झाड ओळखणारा तिथे आधीच जाऊन उभा असतो. आईला झाड भक्तीमुळे ठाऊक, बाबांना वैरामुळे. वैरी फार बारकाईने पाहतो, हेही मान्य करायला हवं.

त्याचा प्रत्यय ताईच्या गॅलरीत आला. परदेशातल्या मराठी घरात देव्हाऱ्याखालोखाल जपतात ती कढीपत्त्याची कुंडी. बाबा सकाळी चहा घेऊन तिथे उभे राहिले आणि लगेच वाकले. “आली का इथंबी!” कोवळ्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखा काळपट-पांढरा ठिपका होता, आणि शेजारच्या देठावर बोटाच्या पेराएवढी हिरवीगार अळी. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला, म्हणून लिंबावरचं फुलपाखरू त्यावरही अंडी घालतं. ठिपका म्हणजे त्या अळीचंच धाकटं भावंड. लहानपणी हे सोंग, मोठेपणी हिरवा रंग. बाबांनी काडीने तिला जरासं डिवचलं. तिने डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र, आंबूस वास सुटला. भाचा किंचाळला, मग म्हणाला, “पुन्हा करा ना!”

ताई कात्री घेऊन आली. बाबांनी तिचा हात धरला. “राहू दे बाई. खाईन दोन पानं.”

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहतच राहिलो. या अळीपायी त्यांनी पाठीवर पंप बांधून किती उन्हाळे-पावसाळे काढले होते! त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि धोरण जाहीर केलं: “एक असली तं पाहुणा. हजार असल्या तं फवारणी.”

सौंसरला परतल्यावर धोरणाची अंमलबजावणी चालू आहे. नवतीवर अळी दिसली की पंप निघतो; कलमांच्या रोपांवरच्या अळ्या हाताने वेचल्या जातात. यात बाबांनी कसूर केलेली नाही. फक्त विहिरीजवळचा कढीपत्ता फवारणीतून वगळलाय. आई म्हणते, तो भाजीत पडतो म्हणून. बाबा म्हणतात, हो, म्हणूनच. मात्र हल्ली भाजीत कढीपत्ता कमी पडतो, आणि त्याबद्दल घरात कोणी तक्रार करत नाही.